नजरगहाण

तुमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना शाई लागली आहे. ती पुसायला फडकं शोधताय, तेवढ्यात टेबलापलीकडून कुणीतरी फ्रेंचमध्ये काही सांगतं आणि आश्चर्य म्हणजे ते तुम्हाला कळतं. साल 1836. गाव न्यू ऑर्लिन्स. तुम्ही एका नोटरीच्या कचेरीत कारकून आहात आणि सकाळपासूनचा तिसरा दस्त उतरवून काढायचा आहे. बाहेर मिसिसिपीच्या धक्क्यावर आगबोटीची घंटा वाजते आहे. कॉफीचा, घोड्यांच्या लिदीचा आणि ओल्या कापसाच्या गाठींचा वास एकमेकांत मिसळून आत येतो आहे.

समोर बसलाय तो उसाचा मळेवाला. त्याला बँकेकडून कर्ज हवंय. तारण म्हणून जमीन आहे, गुऱ्हाळ आहे, खेचरं आहेत, आणि माणसं आहेत. माणसांची यादी वेगळ्या कागदावर आहे. ती तुम्ही नकलून घेता: नाव, वय, रंग, काम, किंमत. सुतारकाम येत असेल तर आकडा चढतो, पाय अधू असेल तर उतरतो. बाईच्या नावाखाली तिची मुलं, अगदी अंगावर पिणाऱ्यासकट. त्या पोराचं वय महिन्यांत लिहिलंय. आडनाव कुणालाच नाही, त्यामुळे रकाना सुटसुटीत भरतो.

एका जागी तुमचा टाक अडतो. लुइझियानाच्या 1825 च्या दिवाणी संहितेप्रमाणे ही माणसं स्वभावतः जंगम, पण कायद्याने स्थावर आहेत. म्हणजे चालतात, बोलतात, रात्री पळूनही जाऊ शकतात, तरी कागदावर ती विहिरीसारखी, बांधासारखी जमिनीला चिकटलेली. स्थावर-जंगम हे शब्द तुम्ही आजोबांच्या वाटणीपत्रात वाचले असतील. तिथे स्थावरात आंब्याची झाडं होती.

दस्त वाचून दाखवायची वेळ येते. त्याआधी एक विधी पार पाडायचा असतो. मळेवाल्याच्या बायकोला नोटरी शेजारच्या खोलीत नेतो, नवऱ्याच्या नजरेआड, आणि विचारतो की या मिळकतीवरचा तुमचा हक्क तुम्ही राजीखुशीने सोडताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. ती हो म्हणते. तसं दस्तात लिहायचं असतं, नाहीतर उद्या गहाणखताला बाध येईल. इतकी काळजी! बाईला एकटीला गाठून विचारलं पाहिजे हे ज्या कायद्याला सुचलं, त्याला यादीतल्या चाळीस-पन्नास जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांतले बहुतेक या घटकेला मैलोगणती दूर उसात वाकलेले आहेत. आज आपण गहाण पडलो हे त्यांना कोण सांगणार? मळ्यावर गेल्यावर मालक तरी कशाला सांगेल?

या व्यवहाराला आपल्याकडे नेमका शब्द आहे: नजरगहाण. सोनं गहाण टाकलं तर ते सावकाराच्या तिजोरीत जातं आणि सोडवेपर्यंत अंगावर घालता येत नाही. नजरगहाणात वस्तू ऋणकोकडेच राहते, वापरातही राहते. धनकोची तिच्यावर फक्त नजर. अमेरिकेच्या दक्षिणेतली गुलामी याच सोयीवर फोफावली, असं मला वाटतं. लिलावाच्या चौथऱ्याची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण चौथऱ्यावर विकलेला माणूस हातचा जातो. गहाण टाकलेला जात नाही. तो पहाटे शेतात उतरतो, संध्याकाळी परततो, आणि त्याच दिवशी त्याच्या जिवावर उचललेल्या पैशातून दुसरा माणूस विकत घेतलेला असतो. मग तो दुसराही गहाण पडतो.

दस्तावर वाळू भुरभुरवून तुम्ही शाई सुकवता. हा कागद आता कुठवर जातो ते बघा. 1827 साली लुइझियानाच्या मळेवाल्यांनी मिळून एक बँक काढली, कन्सॉलिडेटेड असोसिएशन ऑफ द प्लँटर्स. जमीन आणि गुलाम गहाण द्यायचे, त्या बदल्यात शेअर घ्यायचे, शेअरवर कर्ज उचलायचं. पुढच्याच वर्षी राज्य सरकार तिच्या पाठीशी उभं राहिलं आणि पंचवीस लाख डॉलरचे सरकारी रोखे निघाले. ते लंडनच्या बेअरिंग ब्रदर्सनी युरोपात खपवले. आता तिकडे लंडनमध्ये बसलेल्या गृहस्थाने गुलाम घेतलेला नाही, त्याच्याकडे आहे तो लुइझियाना राज्याचा रोखा. 1834 साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी कायद्याने संपली, तेव्हा त्याने कदाचित टाळ्याही वाजवल्या असतील. व्याज मात्र वेळच्या वेळी येत होतं.

तुमच्या शेजारच्या कपाटात असे शेकडो दस्त कातड्यात बांधून ठेवलेत. ते जाळून टाकावेत असं मनात आलं ना? आपल्याकडे 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी नेमकं तेच केलं. सावकारांच्या घरात घुसून रोखे काढले आणि होळी केली. आणि गंमत अशी की त्या रोख्यांचा धागाही इथवर पोचतो. अमेरिकेत यादवी पेटली, इथला कापूस अडला, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने पैसा सोडला. यादवी संपली, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. पण इथे न्यू ऑर्लिन्समध्ये काडी लावून उपयोग नाही. गहाणांची नोंद ठेवणारी सरकारी कचेरी वेगळी आहे. आज फ्लॅट घेताना वकील सर्च रिपोर्ट मागतो, तसा इथे माणूस विकत घेण्याआधी त्याच्यावर बोजा नाही ना, याचा दाखला तिथून आणावा लागतो. रजिस्टरं शाबूत राहिली, म्हणूनच तर हिशेब लागला: 2005 साली जेपी मॉर्गन चेसने जाहीर केलं की कालांतराने तिच्यात येऊन मिळालेल्या सिटिझन्स बँक आणि कॅनल बँक या लुइझियानाच्या दोन बँकांनी 1831 ते 1865 या काळात सुमारे 13,000 गुलाम तारण घेतले होते. कर्जं थकली तेव्हा त्यांपैकी सुमारे 1,250 माणसं बँकांच्याच मालकीची झाली.

हात धुवून घ्या. आता जरा आत जायचंय, रेड नदीच्या बाजूला.

बायू बेफ नावाच्या संथ, गढूळ ओढ्याच्या काठी एक अर्धवट बांधलेलं विणकामघर आहे. त्याच्या उभ्या फळ्यांआड तुम्ही उभे आहात. इथे तुम्ही कुणीच नाही. तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. साल 1842 च्या मागेपुढे. समोर अंगणात एक माणूस दोरांनी जखडून उभा आहे. घोटे बांधलेत, मनगटं बांधलीत, कोपरं पाठीमागे ओढून आवळलीत, आणि गळ्यात फास आहे.

त्याला इथे सगळे प्लॅट म्हणतात. त्याचं खरं नाव सॉलोमन नॉर्थप. न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र जन्मलेला, फिडल वाजवणारा, बायकोमुलांचा माणूस. 1841 साली वॉशिंग्टनमध्ये त्याला फसवून, बेशुद्ध करून पळवलं आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकलं. एक हजार डॉलरला त्याला विल्यम फोर्ड या धर्मोपदेशकाने घेतलं. फोर्ड दयाळू मालक होता, असं नॉर्थपने स्वतःच लिहून ठेवलंय.

दयाळू मालकावर पण प्रसंग येतोच. फोर्ड आपल्या भावाला जामीन राहिला होता. भाऊ बुडाला आणि धनको फोर्डच्या दारात आले. अठरा गुलाम विकावे लागले. सतरा एका मळेवाल्याने घेतले. अठरावा नॉर्थप. फोर्डकडे जॉन टिबीट्स नावाच्या सुताराची मजुरी थकली होती, तिच्या बदल्यात तो टिबीट्सला दिला. पण हिशेब जमेना. नॉर्थपची किंमत थकबाकीपेक्षा 400 डॉलरने जास्त भरत होती आणि टिबीट्सकडे वरचे पैसे नव्हते. मग त्या 400 डॉलरपुरतं फोर्डने नॉर्थपवरच गहाणखत करून घेतलं. म्हणजे हातपाय टिबीट्सचे, आणि त्यांवर चारशेचा बोजा फोर्डचा. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यासारखा.

आज सकाळी भांडण झालं ते खिळ्यांवरून. खिळे चुकीच्या मापाचे आणलेस म्हणून टिबीट्स चाबूक घेऊन आला. कपडे उतरव म्हणाला. नॉर्थपने उतरवले नाहीत. उलट त्याला खाली पाडला आणि त्याचाच चाबूक हिसकावून त्याला झोडपला. गुलामाने मालकाला मारलं, याला इथे एकच शिक्षा. टिबीट्स घोड्यावर बसून गेला आणि दोघा साथीदारांना घेऊन परतला. एकाकडे दोराचं वेटोळं होतं.

ते कुठल्या फांदीला टांगायचं हे ठरवताहेत. एकजण पीचच्या झाडाची फांदी सुचवतो, ती मोडेल असं दुसऱ्याला वाटतं, शेवटी दुसरी ठरते. तेवढ्यात घराच्या ओसरीवरून मुकादम चॅपिन उतरतो, दोन्ही हातांत एकेक पिस्तूल. तो काय बोलतो ते नीट ऐका, कारण सगळा अमेरिकी दक्षिणेचा धर्मग्रंथ त्यात आहे. हा पोऱ्या निर्दोष आहे, हेही तो म्हणतो. पण त्याचा भर आहे तो दुसऱ्या मुद्द्यावर: फोर्डसाहेब गावात नाहीत, त्यांच्या मिळकतीची राखण माझ्याकडे आहे, प्लॅटवर त्यांचं 400 डॉलरचं गहाण आहे. तुम्ही याला लटकावलंत तर त्यांचे पैसे बुडाले. तेवढं फिटेपर्यंत याचा जीव घ्यायचा टिबीट्सला हक्क नाही.

आणि ते मानतात! पिस्तुलं होती हे खरं. तरीही ज्या माणसांना माणूस मारू नये हे कुणी सांगून पटलं नसतं, त्यांना गहाणवट मारू नये हे पटतं. दोघं साथीदार घोड्यांवर चढतात. थोड्या वेळाने टिबीट्सही निघून जातो.

आता तुम्हाला वाटेल, चॅपिन पुढे होऊन दोर सोडेल. तो सोडत नाही. लॉसन नावाच्या गड्याला खेचरावर बसवून फोर्डला आणायला पिटाळतो आणि स्वतः ओसरीवर येरझारा घालत बसतो. नॉर्थप तसाच उभा. सावली दोन पावलांवर आहे, तिथवर जाता येत नाही. बसायला गेलं तर गळ्याचा दोर आणि आवळलेली कोपरं बसू देत नाहीत. सूर्य माथ्यावर येतो. मनगटं सुजतात. गडी लांबच्या शेतात मान खाली घालून कामाला लागलेत, अधूनमधून एखादी मान वर होते. रेचल नावाची बाई धीर करून भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणते, त्याच्या ओठांना लावते, मागे न बघता परत जाते. तुम्ही फळीआड उभे आहात आणि तुमच्या खिशात घड्याळ आहे. दुपारचे दोन. तीन. चार.

सोडलं का नाही? नॉर्थपनेच पुढे अंदाज केलाय: दोर गळ्यात असतानाच फोर्डने हे बघावं, अशी चॅपिनची इच्छा असावी. मला ते पटतं. तुमच्या चारशे डॉलरची काय गत केली होती, पाहा. पंचनामा होईपर्यंत मुद्देमाल हलवायचा नसतो.

सूर्य कलता कलता फोर्ड येतो, घोड्यावरून उतरतो आणि आपल्या हाताने दोर कापतो. नॉर्थप चालायला जातो आणि कोसळतो. त्या रात्री जेवण, ऊब, चार मायेचे शब्द, सगळं मिळतं. काही दिवसांनी तो परत टिबीट्सच्याच हाताखाली कामाला. गहाणाने जीव वाचवला. सुटका करणं त्याच्या कलमांत बसत नव्हतं. ती व्हायला 1853 उजाडावं लागलं.

तारणाला पाय असतात, ही या धंद्यातली मोठी पंचाईत. 1837 ची मंदी आली, बँका कोसळल्या, तेव्हा कर्जबाजारी मळेवाले रातोरात गुलाम घेऊन टेक्सासला पळाले. टेक्सास तेव्हा वेगळा देश होता. शेरीफ जप्तीला यायचा तर ओस पडलेल्या घराच्या दारावर खडूने तीन अक्षरं लिहिलेली: जी. टी. टी. टेक्सासला गेलो. पण त्याच्याही आधीची एक वाटचाल तुम्हाला दाखवायचीये, कारण तीत राखणदार आणि मुद्देमाल एकच होता.

1825. ओहायो नदी. सपाट होडीत अठरा माणसं, शिवाय त्यांच्या म्होरक्याची बायको आणि दोन मुलं. म्होरक्या जोसाया हेन्सन, स्वतः गुलाम. मेरीलँडमध्ये त्याच्या मालकावर, आयझॅक रायलीवर, कोर्टाचे निकाल उलटले होते आणि शेरीफ कधीही येऊन माणसं जप्त करील अशी वेळ होती. रायलीने रडून-विनवून हेन्सनला गळ घातली: यांना केंटकीत माझ्या भावाकडे पोचव. हेन्सनने शब्द दिला. जवळजवळ हजार मैल. आता होडी सिनसिनाटीच्या धक्क्याला लागली आहे. हे ओहायो, इथे गुलामी नाही. काठावर स्वतंत्र काळ्या लोकांचा घोळका जमलाय आणि ते होडीवाल्यांना सांगताहेत, उतरा रे, इथेच राहा, तुम्ही मोकळे आहात. होडीतली माणसं हेन्सनकडे बघताहेत. तुम्हीही बघताय. तो होडी परत प्रवाहात घालायला सांगतो.

दिलेला शब्द पाळला. तीन वर्षांनी, 1828 मध्ये, हेन्सनचं कुटुंब सोडून त्या सगळ्यांना विकून टाका असा रायलीचा निरोप आला. विक्री बघताना हेन्सनला काय वाटलं, ते त्याने म्हातारपणापर्यंत बोलून दाखवलं. तो स्वतः 1830 मध्ये बायकोमुलांना घेऊन कॅनडात पळाला.

मॉन्टिसेलोला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या घरी, फार वेळ थांबायला नको. टेकडीवरचा तो घुमट आणि खांब अमेरिकेच्या नाण्यावरही आहेत. 1796 साली जेफरसनने आपले गुलाम अॅमस्टरडॅमच्या व्हॅन स्टॅफोर्स्ट अँड हबर्ड या पेढीकडे तारण ठेवून घराच्या फेरबांधणीला पैसा उभा केला. आता जानेवारी 1827 आहे, जेफरसन जाऊन सहा महिने झालेत, मागे एक लाखाहून जास्त डॉलरचं देणं आहे. कडाक्याच्या थंडीत हिरवळीवर लिलाव चाललाय: जनावरं, अवजारं आणि 130 माणसं. लोहार जोसेफ फॉसेट एका बाजूला उभा आहे. त्याला जेफरसनने मृत्युपत्रात मोकळं केलंय, पण येत्या जुलैपासून. त्याची बायको एडिथ, जी राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात फ्रेंच पदार्थ शिकून आली होती, ती आणि मुलं मृत्युपत्रात नाहीत. ती धनकोंच्या वाट्याची. अकरा वर्षांचा पीटर पुकारला जातो. जेफरसनच्या अक्षरातल्या त्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल तुम्हाला इथे काही बोलावंसं वाटेल. नका बोलू. लोहाराच्या तोंडाकडे बघा आणि निघा.

शेवटचा मुक्काम नॉर्थ कॅरोलायनातलं ईडनटन, समुद्राच्या खाडीवरचं छोटं गाव. रात्र बरीच झालीय. स्वयंपाकघरात भट्टी अजून धगधगते आहे आणि एक बाई पीठ लाटते आहे. तिचं नाव मॉली. दिवसभर मालकिणीचं घर सांभाळून झाल्यावर रात्री स्वतःसाठी बिस्किटं भाजायची परवानगी तिने मागून घेतली आहे. बिस्किटं अशी खुसखुशीत की गावात घरोघर त्यांना मागणी. मिळालेल्या पैशातून ती स्वतःचे आणि पोरांचे कपडे करते, उरलेलं साठवते. कधीतरी पोरांना विकत घेऊन सोडवायचं आहे. धाकटा मुलगा वाटणीत विकला गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. 720 डॉलर आले.

साठता साठता तीनशे डॉलर झाले. आणि एके दिवशी मालकीण तिच्याकडे हात पसरते: उसने दे, लवकरच परत करीन.

तुम्ही कारकून आहात. बोटांची शाई अजून गेलेली नाही. या कर्जाचा कागद लिहायला घ्या बरं. धनको: मॉली. पण मॉली ही स्वतःच मिळकत आहे, आणि मिळकतीच्या मालकीची मिळकत असू शकत नाही. गुलामाला दिलेलं वचन कोर्टात टिकत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, मॉलीला पण. तरी ती पैसे देते. मालकिणीच्या शब्दावर.

मालकीण मेली. जावई कारभारी नेमला गेला. मॉली पैसे मागायला गेली तर तो म्हणाला, इस्टेट दिवाळखोर आहे आणि असं देणं फेडायला कायद्याची मनाई आहे. शिवाय देणी भागवायची तर मॉलीलाच विकावं लागेल. 1828 च्या पहिल्या दिवशी ती विक्रीला उभी राहिली तेव्हा जमलेल्या लोकांनी धिक्कार केला आणि कुणी बोली लावेना. अखेर मालकिणीच्या सत्तरीच्या बहिणीने पन्नास डॉलर पुकारले, विकत घेतलं आणि मोकळं केलं. हे सगळं मॉलीची नात हॅरिएट जेकब्सने पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. तीनशे डॉलरचं काय झालं तेही लिहिलं.

त्या पैशातून मालकिणीने चांदीचं शमादान घेतलं होतं. इस्टेट दिवाळखोर ठरली तरी ते विकलं गेलं नाही. घरातच राहिलं, पिढ्यान्‌पिढ्या जपायची वस्तू म्हणून. तुम्ही दिवाणखान्याच्या दारात उभे आहात. जेवायची वेळ झालीय. कुणीतरी मुलगी पेटती काडी घेऊन येते आणि एकेक करून मेणबत्त्या लावते.